तीन मिनिटांचा डाव आणि समोरच्याची बडबड

रात्रीचे पावणेबारा वाजलेत. एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले ६१ वर्षांचे एक गृहस्थ उशीला टेकून मोबाइलवर बुद्धिबळ खेळताहेत. डाव ३ मिनिटांचा. म्हणजे सगळ्या चालींसाठी मिळून प्रत्येकाच्या घड्याळात ३ मिनिटे. सोळाव्या चालीला त्यांचा एक घोडा वर आहे, वेळही हाताशी आहे. तेवढ्यात गप्पांच्या चौकटीत रोमन लिपीतली एक ओळ उमटते : ‘मशीन लावलंय का?’ आपल्याला कोणीतरी चोर म्हणतंय, हे ध्यानात यायला त्यांना क्षणभर लागतो. मग ते टाइप करू लागतात : ‘मी ४० वर्षे खेळतोय...’ वाक्य पुरे होईपर्यंत घड्याळातले १२ सेकंद गेलेले असतात. पुढच्याच चालीला त्यांचा वजीर नेमका समोरच्या उंटाच्या वाटेवर जाऊन बसतो. डाव गेला. मग दुसरा, तिसरा, सातवा. दिवा मालवला तेव्हा सव्वा वाजला होता आणि झोप लागली ती तीननंतर.

दुसऱ्या दिवशी सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात त्यांचा रक्तदाब भरला १६८/९८. गोळी चुकलेली नव्हती, पापड-लोणचे केव्हाच बंद झाले होते. झोपेबद्दल विचारल्यावर मात्र बुद्धिबळ निघाले आणि बुद्धिबळातून ती ओळ. ‘हरल्याचं काही नाही हो,’ तपासणाऱ्या निवासी डॉक्टरला ते म्हणाले, ‘पण तो मला खोटा म्हणाला.’

एका वेळच्या मोजमापावरून रक्तदाबाचा निवाडा करायचा नसतो आणि त्याचे खापर एखाद्या खेळावर फोडणेही बरोबर नाही. पण हे गृहस्थ एकटे नाहीत. २०२० च्या टाळेबंदीत लाखो लोक ऑनलाइन बुद्धिबळाकडे वळले. त्याच वर्षी ‘द क्वीन्स गॅम्बिट’ ही मालिका आली. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये डी. गुकेश जगज्जेता झाला, जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला आणि आपल्याकडे घराघरांत पट पुन्हा बाहेर निघाले. त्यातले बरेचसे पट मोबाइलवरचे, आणि मोबाइलवर खेळला जातो तो प्रामुख्याने झटपट डाव. पटाच्या शेजारी अनोळखी माणसाशी बोलण्याची एक चौकट असते. तिचे काय करायचे, हा प्रश्न ऐकायला किरकोळ वाटतो. मेंदूच्या दृष्टीने तो तसा नाही.

साधा हिशेब करू. ४० चालींचा डाव ३ मिनिटांत खेळायचा तर एका चालीला साडेचार सेकंद येतात. एक ओळ वाचून तिला पाच-सहा शब्दांचे उत्तर द्यायला १०-१२ सेकंद सहज जातात, म्हणजे अडीच-तीन चालींचा वेळ. पण वेळेचे हे नुकसान निदान घड्याळात दिसते. खरे नुकसान दिसत नाही.

ते समजून घ्यायला एक जुना प्रयोग उपयोगी पडतो. हातातल्या कामापुरती माहिती डोक्यात धरून ठेवायची मेंदूची जी सोय आहे, तिला मानसशास्त्रात कार्यरत स्मृती म्हणतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ अ‍ॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये तिचे तीन भाग कल्पिले : शब्द मनात घोळवत ठेवणारा एक, आकृत्या आणि जागा धरून ठेवणारा दुसरा, आणि या दोघांना कामाला लावणारा, निर्णय घेणारा तिसरा. तिसऱ्याला आगारातल्या वाहतूक नियंत्रकाची उपमा शोभेल. कोणती गाडी कोणत्या फलाटाला लावायची हे तो ठरवतो. बुद्धिबळ खेळताना यातले कोण राबते, हे पाहण्यासाठी ट्रेव्हर रॉबिन्स, बॅडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेळाडूंना एक जोडकाम दिले. त्यांचा हा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. पट पाहून चाल शोधायची, आणि त्याच वेळी काहींनी एकच शब्द पुन्हापुन्हा म्हणत राहायचे, काहींनी बोटांनी कळा दाबत राहायचे, तर काहींनी कोणताही क्रम लागणार नाही अशी अक्षरे एकामागून एक उच्चारायची.

निकाल मजेशीर होता. एकच शब्द घोकत राहण्याने खेळावर काहीही परिणाम झाला नाही. कळा दाबण्याने झाला. आणि चाल शोधताना सगळ्यात मोठा फटका बसला तो क्रम नसलेली अक्षरे उच्चारणाऱ्यांना. कारण तिथे दर वेळी ‘आता कोणते?’ हे ठरवावे लागते; तिथे तो नियंत्रकच अडकून पडतो. पारावर खेळणारी कितीतरी माणसे ‘घेतला, घेतला, उंट घेतला’ असे स्वतःशीच पुटपुटत खेळतात, एखादे गाणे गुणगुणतात. त्याने त्यांचे काही बिघडत नाही, हे या प्रयोगावरून समजण्यासारखे आहे. समोरच्याला उत्तर देणे ही मात्र वेगळी गोष्ट. काय लिहू, कसे लिहू, लागेल असे लिहू की नको, हा प्रत्येक शब्दागणिक घ्यायचा निर्णय आहे. तो घेणारा आणि वजीर कुठे ठेवायचा ते ठरवणारा एकच असतो. त्यात टाइप करायला बोटे आणि डोळे लागतात, म्हणजे दुसरा भागही गुंततो.

या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. असे अडथळे कच्च्या आणि पक्क्या खेळाडूंना सारखेच भोवले. ‘मी मुरलेला आहे, मला फरक पडत नाही,’ असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

डोळ्यांचेही ऐकले पाहिजे. आपल्याला बारकाईने दिसते ते दृष्टिपटलाच्या मधोमध असलेल्या फोव्हिया या लहानशा भागामुळे, आणि त्याच्या वाट्याला दृष्टिक्षेत्राचे जेमतेम दोनेक अंश येतात. हात लांब करून अंगठा धरला तर नखाची रुंदी साधारण तेवढीच भरते. बाकीचे सगळे अंधूकच असते. नजर सतत उड्या मारते म्हणून ते आपल्याला जाणवत नाही. अनुभवी खेळाडू या उड्या कमी मारतो. तो दोन-चार मोहऱ्यांच्या मध्ये नजर ठेवून आजूबाजूची मोहरी एकत्र टिपतो, असे डोळ्यांच्या हालचालींच्या अभ्यासातून दिसले आहे. मात्र नजरेच्या कडेला अचानक काही हलले की डोळा आपसूक तिकडे वळतो. ही सवय फार जुनी आहे. गवतात काही सळसळले तर तिकडे बघणारा पूर्वज वाचला. चौकटीत उमटणारी नवी ओळ ही अशीच सळसळ असते. ती ‘बघायची नाही’ असे कितीही ठरवले तरी डोळा आधी वळतो आणि ठरवलेले मागाहून आठवते. त्यातून ती रोमन लिपीतली मराठी किंवा हिंदी असली तर उलगडायला आणखी थोडा वेळ.

बरे, ओळ वाचली, उत्तर दिले नाही, नजर पटावर परत आणली. आता तरी सुटका व्हावी? तीही पुरती होत नाही. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये कामांच्या अदलाबदलीचा अभ्यास मांडला. एखादे काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळले की लक्षाचा काही अंश पहिल्याच कामात रेंगाळतो आणि दुसरे काम कच्चे होते, असा तिचा निष्कर्ष आहे. लेरॉयने ते कार्यालयीन कामांबद्दल म्हटले आहे. पण न दिलेले उत्तर हेसुद्धा अर्धवट राहिलेले कामच म्हणायचे. जिभेवर आलेले वाक्य गिळून पुढची चाल खेळताना ते घशात किती वेळ टोचत राहते, याचा अनुभव भांडणाऱ्या प्रत्येकाला असतो.

आणि इथे आजोबांचा खरा मुद्दा येतो. ‘नमस्कार’, ‘छान चाल’, ‘कुठले तुम्ही?’ अशा ओळी लक्ष विचलित करतात, पण अंगाला लागत नाहीत. ‘मशीन लावलंय का’ लागते. खोटेपणाचा आरोप, देशावरून किंवा नावावरून मारलेला टोमणा, पडत्या डावात ‘अजून किती वेळ?’ अशी खिल्ली यांना मेंदू धोका म्हणूनच घेतो. अनुकंपी चेतासंस्था जागी होते, अ‍ॅड्रिनॅलिन वाढते, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, हाताला घाम सुटतो. हे सगळे पळायला किंवा मारामारी करायला उपयोगाचे आहे. उशीला टेकून बसलेल्या माणसाला दोन्हीपैकी काहीच करायचे नसते. शिवाय येल विद्यापीठातल्या एमी अर्न्स्टन यांच्या संशोधनाप्रमाणे, आपल्या आवाक्यात नसलेला ताण सौम्य असला तरी कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स लगेच मंदावतो. नॉरअ‍ॅड्रिनॅलिन आणि डोपामिनचा पूर तिथल्या जोडण्या ढिल्या करतो. पुढचे तोलून पाहणे, घाईची चाल थोपवणे ही कामे तिथलीच. म्हणजे आधी लक्ष गेले, नंतर लगाम सुटला. वजीर उंटाच्या तोंडी गेला तो असा. आणि हरल्यावर ‘आता एकच डाव’ म्हणत सव्वा वाजेपर्यंत बसणे हेही त्या सुटलेल्या लगामाचेच लक्षण.

समोरच्याला डिवचण्याची ही खोड ऑनलाइन खेळाने आणली, असे मात्र म्हणता येणार नाही. रुय लोपेझ या स्पॅनिश धर्मगुरूने १५६१ च्या आपल्या ग्रंथात, प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यांवर ऊन येईल असा पट मांडावा, असा सल्ला देऊन ठेवला आहे. १९७८ मध्ये फिलिपिन्समधल्या बागिओ इथे कार्पोव्ह आणि कोर्चनॉय यांची जगज्जेतेपदाची लढत झाली. त्यात कार्पोव्हला मधेच पाठवलेल्या दह्यातून काही इशारा दिला जातो की काय, यावर तक्रार झाली. प्रेक्षकांत बसून एकटक बघणाऱ्या झुखार नावाच्या सोव्हिएत मानसतज्ज्ञावरून वाद झाला, आणि कोर्चनॉय आरशासारखा चष्मा घालून खेळला. शेवटी ६ विरुद्ध ५ विजय आणि २१ बरोबऱ्या असा निकाल लागून कार्पोव्ह जिंकला, पण लोकांच्या लक्षात दहीच राहिले.

समोरासमोरच्या खेळात यावर उपाय आहे. ‘फिडे’च्या नियमांतले ११.५ वे कलम सांगते की प्रतिस्पर्ध्याचे लक्ष विचलित करणे किंवा त्याला त्रास देणे कोणत्याही प्रकारे चालणार नाही. आणि ते पाहायला पंच हजर असतो. ऑनलाइन डावात पंच दिसत नाही, समोरचा चेहराही दिसत नाही. जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाने २००४ मध्ये या गोष्टीवर बोट ठेवले होते : नाव झाकलेले, चेहरा झाकलेला, नजरेला नजर नाही, मग माणसाचा संकोच गळून पडतो. त्यामुळे काही जण एरवी कोणाला म्हणणार नाहीत असे तोडून बोलतात. काही जण मात्र एरवी सांगणार नाहीत असे मनातलेही बोलून टाकतात. ही दुसरी बाजू आपण विसरतो. रात्री अकराला अनोळखी माणसाला ‘जेवलात का?’ विचारणारा प्रत्येक जण डाव फिरवायला बसलेला नसतो. परगावी नोकरीला गेलेला मुलगा असेल, रात्रपाळीतला पहारेकरी असेल, पत्नी गेल्यावर घरात एकटे राहिलेले कोणी असतील. त्यांना बोलायचे आहे, आणि बोलायला पटाशेजारची चौकट सापडली आहे. त्यांचा राग करण्याचे कारण नाही. पण ३ मिनिटांच्या डावात त्यांना सोबत देता येत नाही, हेही तितकेच खरे.

मग करायचे काय? उत्तर फार हुशारीचे नाही. डाव सुरू होण्याआधी चौकट बंद करावी. डावात मध्येच नव्हे, आधी. कारण डावात बंद करायची म्हटली तर तोही एक निर्णय, आणि तो नियंत्रकच घेणार. बहुतेक खेळमंचांवर सेटिंगमध्ये गप्पा बंद ठेवण्याचा किंवा फक्त ओळखीच्यांपुरत्या चालू ठेवण्याचा पर्याय असतो. लिचेसवर ‘झेन मोड’ नावाची सोय आहे. ती चालू केली की पट आणि घड्याळ एवढेच उरते. मुलांसाठी तिथे वेगळी व्यवस्था आहे, तीत गप्पाच नसतात. घरातली शाळकरी मुले खेळत असतील तर ती आवर्जून लावून द्यावी. अनोळखी माणूस खेळाच्या निमित्ताने शाळेचे नाव, फोन नंबर किंवा फोटो मागू लागला तर तो प्रश्न बुद्धिबळाचा राहत नाही.

चौकट बंद ठेवणे उद्धटपणाचे वाटते, असे ज्येष्ठ मंडळी सांगतात. नमस्काराला नमस्कार न करणे आपल्या अंगात नाही. त्यांनी डावाच्या आरंभी एक नमस्कार लिहावा आणि मग बंद करावी, किंवा डाव संपल्यावर उघडून दोन शब्द बोलावे. ज्यांना गप्पा मारतच खेळायचे आहे त्यांनी १५-२० मिनिटांचे डाव खेळावे. त्यात बोलायला वेळ असतो आणि हरण्याचे दुःखही कमी. शिवीगाळ करणाऱ्याला रोखून ठेवण्याची आणि त्याची तक्रार करण्याची सोय असते. ती वापरावी, पण डाव संपल्यावर. आणि आरोप करणाऱ्याला पटवून देण्याच्या फंदात अजिबात पडू नये. ३ मिनिटांत कोणाचे मत बदलत नाही. त्याला उत्तर मिळाले नाही तर टाइप करण्यात वेळ जातो तो त्याचा आणि लक्ष फाटते तेही त्याचेच, एवढे समाधान पुरे.

काही जण सल्ला देतात की राग आला की खोल श्वास घ्या. सल्ला वाईट नाही. सावकाश, लांब श्वास सोडताना हृदयाची गती किंचित उतरते. पण साडेचार सेकंदांच्या चालीत तो बसत नाही. तो दोन डावांच्या मध्ये करावा, फोन पालथा ठेवून, उठून पाणी पिऊन. अपमान झाल्यानंतरचा डाव लगेच सुरू करू नये. हा एक नियम पाळला तरी रात्रीचे दोन तास वाचतात.

रागाचा आणि हृदयाचा संबंध हा भीती घालण्याचा विषय नाही, पण टाळण्याचाही नाही. हार्वर्डच्या संशोधकांनी आधीच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेऊन २०१४ मध्ये मांडले की रागाच्या भडक्यानंतरच्या दोन तासांत हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता एरवीपेक्षा सुमारे पाच पट असते. एकेका भडक्यापुरती पाहिली तर ही शक्यता मुळात फारच लहान आहे, आणि पाच पट होऊनही ती लहानच राहते. तसेच भडका म्हणजे चांगलाच संताप, नुसती कुरकुर नव्हे. पण ज्यांना आधीच रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार आहे आणि जे रोज रात्री असे सात-आठ भडके ओढवून घेतात, त्यांनी या आकड्याकडे पाहावे. खेळताना छातीत दाटून आले, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, दरदरून घाम फुटला, तर ‘डावाचा ताण असेल’ म्हणून थांबून राहू नये; तडक रुग्णालय गाठावे.

आजोबांच्या मोबाइलवरची चौकट शेवटी नातवाने बंद केली. ते सहज झाले नाही. ‘तो मला चोर म्हणणार आणि मी गप्प बसू?’ यावर नातू म्हणाला, ‘आजोबा, तो तुम्हाला ओळखतच नाही. कोणालाही तेच म्हणतो.’ पहिला आठवडाभर आजोबांना राहून राहून वाटे, समोरचा काहीतरी लिहीत असेल. डावात दोनदा त्यांनी चौकट उघडून पाहिली. दोन्ही वेळा ती कोरी होती. साडेनऊनंतर झटपट डाव खेळायचा नाही, हे सूनबाईंनी ठरवून दिले. दीड महिन्याने रक्तदाब १३८/८६ भरला. मधल्या काळात डॉक्टरांनी गोळीचा डोसही वाढवला होता, त्यामुळे श्रेय कोणाचे ते सांगता येत नाही. गुणांकन थोडे वर गेले आहे. ते मात्र गोळीचे नव्हे, असे आजोबांचे मत.

रविवारी संध्याकाळी ते मारुतीच्या पारावर खेळतात. तिथे घड्याळ नसते. चौघे जण दोन्ही कानांत सल्ले देत असतात आणि समोरचा दर चालीला टोमणा मारतो. त्याचे आजोबांना काही वाटत नाही. टोमणे मारणारा त्यांच्याच आगारात ३० वर्षे चालक होता.